लॅपटॉप : खोडवा ठेवायचा की मोडायचा?

लॅपटॉप बंद पडला की आपल्याकडे दोन सल्ले फुकट मिळतात. एक, ‘जुना झालाय, नवाच घ्या.’ दुसरा, ‘अजून चार वर्षं कुठं जात नाही, दुरुस्त करा.’ दोन्ही सल्ले मागचं झाकण न उघडताच दिलेले असतात. अकलूजमध्ये हिशेबाचं आणि विवरणपत्रं भरून देण्याचं काम करताना एकाच लॅपटॉपच्या बाबतीत मी एकदा दुरुस्तीचा आणि एकदा बदलण्याचा निर्णय घेतला. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडते.

लॅपटॉप २०१६ सालचा. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क. ऐन जुलैत, विवरणपत्रांची गर्दी असताना, चार्जर लावूनही त्याचा दिवा लागेना. बाहेरगावच्या एका सेंटरमध्ये नेला तर काउंटरवरूनच उत्तर आलं, ‘मदरबोर्ड गेलाय मॅडम, आता यात पैसे घालू नका.’ काय तपासलं ते सांगितलं नाही, लेखी काही दिलं नाही. परत आल्यावर अकलूजमधल्या एका कारागिराकडे दिला. त्याने आधी चार्जरच्या पिनेला मल्टिमीटर लावला. एकोणीस व्होल्ट, म्हणजे चार्जर चांगला. मग झाकण उघडून चार्जिंग जॅकची वायर बोटाने हलवली, तसा मीटरवरचा आकडा येऊ-जाऊ लागला. जॅक बदलला, यंत्र सुरू झालं. नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ होता.

म्हणून पहिली गोष्ट : ‘बोर्ड गेलाय’ हे ऐकून निर्णय घेऊ नका. काय मोजलं, कोणता भाग बिघडला आणि तो बदलायला किती लागतील, हे तिन्ही कागदावर मागा. बदललेला जुना भाग परत मागून घ्या. नीट काम करणारा कारागीर यात कधीच कमीपणा मानत नाही.

पुढे तोच लॅपटॉप रडतखडत चालायला लागला. टास्क मॅनेजर उघडला की डिस्क शंभर टक्के. हे दुखणं जुन्या यंत्रांत सर्रास असतं आणि त्यावर उपायही ठरलेला आहे. फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम आठ जीबी केली. साधी सॅटा एसएसडीसुद्धा सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास वाचते, फिरती डिस्क शंभरच्या आगेमागे. लॅपटॉप कुणी बदलून दिला की काय, असं वाटावं इतका फरक पडला.

मात्र तेच यंत्र नंतर खरोखर थकलं. बिजागरी सैल झाली. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला. फुगलेली बॅटरी ही गैरसोय नाही, आगीचा धोका आहे. ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंग ताबडतोब बंद करा. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, माझा सहावीचा. आणि शेवटी बोर्ड खरंच गेला. या वेळी मीटर लावून, दाखवून सांगितलं गेलं. तिथे मी थांबले आणि नवा घेतला.

ऊस पट्ट्यातल्या माणसाला हा हिशेब नवा नाही. तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला खोडवा ठेवायचा की मोडून नवी लागण करायची, हे आपण फुटवा आणि नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, बघून ठरवतो, शेजाऱ्याने काय केलं ते बघून नाही. लॅपटॉपचा बुडखा म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड. तो चांगला असेल तर बाकीचं सगळं भरून काढता येतं.

यातून माझी एक कसोटी ठरली : घातलेला पैसा या यंत्राबरोबर बुडणार, की पुढच्या यंत्रापर्यंत येणार? एसएसडीवरचा पैसा पुढे येतो. माझी एसएसडी आज केसिंगमध्ये बसून बॅकअपचं काम करते. बॅटरी, कीबोर्ड, पंखा, बिजागरी यांवरचा पैसा बुडतो, पण रक्कम लहान असते आणि वर्ष-दोन वर्षांचं काम मिळतं. बोर्ड आणि स्क्रीनवरचा पैसा मोठा, आणि तो यंत्राबरोबरच जातो. तो फक्त नव्या पिढीच्या यंत्रावर घालावा.

पिढी ओळखणं सोपं आहे. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडा. आय-५-८२५० असं दिसलं तर आठवी, आय-३-६००६ असेल तर सहावी. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग जागा सोडून स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. अहवालात मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. आताची निम्म्यावर आली असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा आतली धूळ काढून थर्मल पेस्ट नवी लावली तरी तापण्याच्या बऱ्याच तक्रारी मिटतात.

दुरुस्तीला देण्याआधी बॅकअप घ्याच. विंडोज ११ च्या यंत्रांत बऱ्याचदा बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या माहितीचं कुलूप, आपोआप चालू असतं. बोर्ड बदलला की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली सापडते. आधीच कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर यंत्र दुरुस्त होऊनही आतली माहिती हाती लागणार नाही.

पिढी जुनी पण बोर्ड धड असेल तर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून लॅपटॉप अभ्यास, टायपिंग आणि इंटरनेटसाठी घरातल्या मुलांना खुशाल द्या. निरुपयोगी झालेला लॅपटॉप, विशेषतः बॅटरी, भंगारात घालू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याच्या योग्य विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवरही आहे, म्हणून कंपनीच्या संकलन केंद्राची चौकशी करा.

आणि नवा घेताना दुकानदाराला एकच प्रश्न ठासून विचारा : रॅम आणि एसएसडी पुढे बदलता येईल का? काही पातळ यंत्रांत रॅम बोर्डावरच डाखलेली असते, ती वाढवता येत नाही. आपल्याकडे सुटा भाग सोलापूरहून किंवा पुण्याहून मागवावा लागतो, तेव्हा सहज उघडणारं, भाग मिळणारं यंत्रच परवडतं. दुरुस्त करायचा की बदलायचा, हा निर्णय अर्धा तर खरेदीच्याच दिवशी होऊन गेलेला असतो. तो तेव्हाच विचारपूर्वक घ्या.