उपजाळ्यांची आखणी आणि वापराचा अहवाल

एखाद्या महाविद्यालयातील इंटरनेटची जोडणी रोज दुपारी मंदावते. राउटरवरील नोंदींत हजारो पत्ते व त्यांपुढे बाइटांचे आकडे असतात. परंतु हा भार वसतिगृहाचा, प्रयोगशाळेचा की कार्यालयाचा, हे त्या आकड्यांवरून उमगत नाही. पत्त्यांची वाटणी संस्थेच्या शाखांना धरून केलेली असेल, तरच अहवाल या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो. ती वाटणी कशी करावी, हे आता पाहू.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. सोयीसाठी त्याचे आठ-आठ अंकांचे चार गट करून प्रत्येक गट ० ते २५५ पैकी एका संख्येने लिहितात. आरंभीचे काही अंक जाळे दर्शवितात व उरलेले त्यातील यंत्र. तिरप्या रेघेपुढील संख्या जाळ्याकडील अंक किती, हे सांगते. ‘/२४’ असे लिहिल्यास यंत्रांकडे ८ अंक, म्हणजे २५६ पत्ते उरतात. त्यांतील पहिला जाळ्याचा निर्देश करतो व शेवटचा सर्वांस एकदम संदेश धाडण्यासाठी राखलेला असतो. उपयोगास २५४ येतात. यंत्रांकडील एकेक अंक जाळ्याकडे घेतला, की आकार निम्मा होत जातो. उपजाळ्यांची ही पद्धती १९८५ साली प्रमाण म्हणून मांडली गेली.

समजा, महाविद्यालयाकडे १०.२०.४.०/२४ हे जाळे आहे. वसतिगृहात १००, प्रयोगशाळेत ५०, कार्यालयात २० व ग्रंथालयात १० यंत्रे आहेत. प्रत्येक उपजाळ्याचा आरंभ त्याच्या आकाराच्या पटीतील संख्येवरच व्हावा लागतो. यास्तव मोठे उपजाळे प्रथम आखावे.

वसतिगृह : १०.२०.४.०/२५ (० ते १२७)
प्रयोगशाळा : १०.२०.४.१२८/२६ (१२८ ते १९१)
कार्यालय : १०.२०.४.१९२/२७ (१९२ ते २२३)
ग्रंथालय : १०.२०.४.२२४/२८ (२२४ ते २३९)
राखीव : १०.२०.४.२४०/२८ (२४० ते २५५)

आता नोंदीत १०.२०.४.२०३ हा पत्ता आढळला. २०३ चे द्विमान रूप ११००१०११ होय. ‘/२७’ मध्ये शेवटच्या गटातील पहिले तीन अंक जाळ्याचे असतात. ते तसेच ठेवून उरलेल्यांच्या जागी शून्ये लिहिली, की ११००००००, म्हणजे १९२ मिळतात. हा पत्ता कार्यालयाचा ठरला. अहवाल बनविणारी आज्ञावली प्रत्येक नोंदीसाठी हेच गणित करते व बाइटांची बेरीज त्या त्या शाखेच्या नावे मांडते.

तथापि अहवाल खरा उतरण्यासाठी चार पथ्ये पाळावी लागतात. पहिले, खासगी पत्ते बाहेर जाताना राउटर त्यांच्या जागी बहुधा एकच सार्वजनिक पत्ता लावतो. म्हणून मोजणी हा बदल होण्यापूर्वी, आतील बाजूस करावी. दुसरे, एका उपजाळ्याच्या पोटात दुसरे असेल, तर नोंद अधिक लांब उपसर्गाच्या, म्हणजे लहान उपजाळ्याच्याच खाती घालावी. अन्यथा एकच भार दोनदा मोजला जाईल. तिसरे, दोन शाखांमधील परस्पर वाहतूक एकीची धाडलेली व दुसरीची आलेली असते. हे दोन रकाने एकत्र मिळवू नयेत. चौथे, कोणत्याही शाखेत न बसणाऱ्या पत्त्यांसाठी ‘अवर्गीकृत’ अशी ओळ अवश्य ठेवावी. ती वाढू लागली, तर यादी जुनी झाली आहे किंवा अनोळखी यंत्र जाळ्यात शिरले आहे, असे समजावे.

यादीतील एक चुकीची सीमा वसतिगृहाचा भार कार्यालयाच्या माथी मारू शकते, आणि मग पैसाही भलत्याच ठिकाणी खर्च होतो. म्हणून आखणी बदलताच यादी त्याच दिवशी, तारीख घालून, दुरुस्त करावी.

अभ्यास : १०.२०.४.१३७ व १०.२०.४.२४५ हे पत्ते अहवालाच्या कोणत्या ओळींत येतील? दुसरा पत्ता आढळल्यास व्यवस्थापकाने प्रथम काय तपासावे?