डॉक्टरांची भाषा आणि आपण

मुलांनो, धुळे तालुक्यातील सोनगीर हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. येथील तांब्या-पितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. तांबटांच्या भाषेत 'मठारणे' असा एक शब्द आहे. हातोडीचे एकसारखे ठोके देऊन भांडे मजबूत व चमकदार करणे, हा त्याचा अर्थ. हा शब्द गिऱ्हाइकाला कळला नाही, तरी घागरीत पाणी राहतेच.

दवाखान्याचे तसे नाही. तेथील शब्द कळला नाही, तर नुकसान रुग्णाचे होते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे काही अक्षरे असतात. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'बीडी' म्हणजे दोनदा, 'टीडीएस' म्हणजे तीनदा आणि 'एसओएस' म्हणजे गरज पडली तरच. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत. डॉक्टर व औषध दुकानदार यांचा त्यामुळे वेळ वाचतो. पण आपल्याकडे 'बीडी' म्हटले की ओढायची बिडीच आठवते! मग आजीने गोळी किती वेळा घ्यायची?

'निगेटिव्ह' हा शब्दही असाच फसवा आहे. तो ऐकून कोणाला वाटते, काहीतरी वाईट निघाले. खरे तर शोधलेला रोगजंतू तपासणीत आढळला नाही, एवढाच त्याचा अर्थ. क्षयरोगात, म्हणजे टीबीत, याच्या उलट चूक होते. साध्या क्षयरोगाचा उपचार साधारणपणे सहा महिने चालतो. दोन महिन्यांनी थुंकीचा अहवाल निगेटिव्ह आला, की 'आपण बरे झालो' असे समजून काही रुग्ण औषध सोडतात. शरीरात उरलेले जंतू पुन्हा वाढतात. कधी कधी त्यांच्यावर नेहमीची औषधेही चालत नाहीत.

तुमच्या घरी उर्दू बोलतात, शेजारी अहिराणी बोलतात, सरकारी दवाखान्याचा फलक मराठीत असतो आणि चिठ्ठी इंग्रजीत. तुम्ही दवा म्हणता, फलकावर औषध असते. मरीज म्हणजे रुग्ण, परहेज म्हणजे पथ्य. 'बाह्यरुग्ण विभाग' म्हणजे ज्याला लोक ओपीडी म्हणतात, तो. हे शब्द तुम्ही शिकलात, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना योग्य दारापर्यंत नेऊ शकाल.

समजून घेणे हा रुग्णाचा हक्कही आहे. समीरा कोहली यांच्या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उपचाराला संमती घेण्यापूर्वी डॉक्टरांनी रुग्णाला पुरेशी माहिती दिली पाहिजे. न समजता केलेली सही ही खरी संमती नव्हे.

म्हणून दवाखान्यात गप्प बसून मान डोलावू नका. नम्रपणे विचारा. ऐकलेले आपल्या शब्दांत पुन्हा सांगा : "डॉक्टरसाहेब, म्हणजे ही गोळी सकाळी आणि रात्री, जेवणानंतर घ्यायची ना?" चूक असेल, तर ती तेथेच सुधारेल. विचारण्यात कमीपणा नाही.

शब्दार्थ
आद्याक्षर – शब्दाचे पहिले अक्षर
पथ्य – आजारात खाण्यापिण्याचे पाळायचे नियम
संमती – परवानगी, होकार

स्वाध्याय
१. 'बीडी' आणि 'एसओएस' यांचे अर्थ लिहा.
२. अहवाल निगेटिव्ह आला तरी क्षयरोगाचे औषध का सोडू नये?
३. घरातील एखादी जुनी चिठ्ठी पाहा. न कळलेले शब्द वहीत लिहून त्यांचे अर्थ औषध दुकानदारांना विचारा.