दुपारचे दोन तास

प्रश्न : घरून मसाले विकते. दिवसभर फोन आणि पार्सलं. धंदा वाढवायचा विचार करायला निवांत वेळच मिळत नाही. काय करू?

उत्तर : ताई, मिरच्या भाजताना तुम्ही जागचं हलत नाही, कारण मसाला करपतो. धंदा वाढवायचं काम करपताना दिसत नाही, म्हणून मागे पडतं. मंगळवार-शुक्रवार दुपारी २ ते ४ त्यालाच द्या. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर ‘अवे मेसेज’ला वेळ लावता येते, ‘चारनंतर उत्तर देते’ एवढं पुरे. भाव तिथल्याच कॅटलॉगमध्ये टाका. दार घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उघडायचं, हे आधीच ठरवा. पहिल्या दिवशी एकच काम: कोणत्या मसाल्यात किलोमागे किती पैसे सुटतात, ते वहीत मांडा. उन्हाळ्यात, ऐन हंगामात, दोन तास जमणार नाहीत. तेव्हा पहाटेचा एक तरी ठेवाच.