फोन जरा लांब, मूल जवळ

गॅसवर कुकर, कानाला ऑफिसचा फोन आणि पदराला ओढणारं मूल. अशा वेळी आपण सगळेच दुसरा फोन काढतो आणि कार्टून लावून देतो. मग रात्री ग्रुपवर कुणीतरी पाठवतं, 'मोबाइलच्या किरणांपासून मुलांना वाचवा'. उशाशी चार्जिंगला लावलेल्या फोनकडे नजर जाते आणि झोप उडते.

ही काळजी लेकरावरच्या जिवापोटी असते, तिला वेडी कोण म्हणेल? फक्त ती नेमकी कशाची करायची, हे मला समजून घ्यावंसं वाटलं.

फोनमधून रेडिओलहरी निघतात. एक्स-रेसारखी डीएनए तोडण्याची ताकद त्यांच्यात नसते. त्यातली थोडी ऊर्जा शरीर शोषतं आणि तेवढा भाग किंचित गरम होतो. ती किती शोषली जावी, याला मर्यादा आहे. भारतात २०१२पासून नव्या हँडसेटसाठी ती किलोमागे १.६ वॅट आहे. आपल्या फोनचा आकडा बघायचा असेल तर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबा. बहुतेक फोनवर तो दिसतो.

घाबरवणारी बातमी २०११ची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना 'कर्करोगाची शक्यता' असलेल्या गटात घातलं. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही पुढे त्याच गटात गेला. त्या गटाचा अर्थ एवढाच की पुरावा अपुरा आहे, पण शंका पूर्ण फिटलेली नाही. पुढे २०२४मध्ये याच संघटनेच्या सांगण्यावरून आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला. त्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. हे वाचून मला खूप हलकं वाटलं.

तरीही मुलांची कवटी पातळ, आणि फोन त्यांना उभा जन्म वापरायचा आहे. म्हणून थोडी सावधगिरी बरी. तिला खर्च नाही आणि रडारडही नाही. शेगडीपासून दोन पावलं मागं सरलं की धग कशी झटकन कमी होते, तसंच इथंही आहे, अंतर वाढलं की लहरींचा जोर भराभर उतरतो. आजीशी बोलताना स्पीकर लावायचा. कार्टून आधीच डाउनलोड करून फ्लाइट मोडवर द्यायचं. घाटात, लिफ्टमध्ये रेंज नसली की टॉवर गाठायला फोन जास्त जोर लावतो, तेव्हा तो मुलाच्या कानाला नको. आपण गच्चीसमोरच्या टॉवरला घाबरतो, पण कानाला टेकलेल्या फोनमधून आपल्याला त्याहून कितीतरी जास्त लहरी मिळत असतात.

यात एक गोष्ट मात्र माझ्या मनाला फार लागते. आपण घाईत, वैतागून ओरडतो, "ठेव तो फोन, डोकं खराब होईल!" आपण विसरतो, पोर विसरत नाही. सहा-सात वर्षांचं मूल रात्री पांघरुणातून हळूच विचारतं, "आई, मी काल खूप बघितला. मला काही होईल का?" लहरींनी काही होवो न होवो, ही धास्ती त्याच्या मनात राहून जाते. अशा वेळी जवळ घ्यावं आणि सरळ सांगावं, "काही होणार नाही, बाळा. आपण जरा लांब धरून बघू या, म्हणजे झालं."

झोपेचं मात्र मी मनावर घ्यायला सांगेन. तिथं फोनचा त्रास रोज डोळ्यांना दिसतो. उशीखालचा फोन मुलाला जागं ठेवतो, आणि आपल्यालाही. दिवसभर दमलेल्या आपल्याला तेवढीच दहा मिनिटं स्वतःची मिळतात, हे मला ठाऊक आहे. ती बाहेरच्या खोलीत बसून घेऊ या. रात्री घरातले सगळे फोन हॉलमधल्या टेबलावर ठेवायचं काम मुलाकडेच द्या. बाबांचा राहिलेला फोन ते बरोबर शोधून आणतं.