एका रात्रीचे नुकसान

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात तिलारी नदीचे खोरे आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या या खोऱ्यात माड, पोफळी व केळी यांच्या हिरव्यागार बागा आहेत. २००२ साली कर्नाटकातील जंगलांतून हत्ती या जिल्ह्यात उतरले, आणि येथील बागायतदाराची झोप उडाली.

मुलांनो, हत्ती बागेत का शिरतो? मोठ्या हत्तीला दिवसाकाठी सुमारे १५० किलो चारा लागतो. त्यासाठी त्याला कोसचे कोस हिंडावे लागते. माणसाने जंगले तोडली, त्यांतून रस्ते नेले, धरणे बांधली. हत्तीचे रान आक्रसले व वाटा तुटल्या. रानात दिवसभर भटकून जे मिळायचे, ते बागेत एकाच जागी मिळते. मग त्याने तिकडे वळावे, यात नवल ते काय! कुंपणाचा अर्थ त्याला कोणी शिकविलेला नाही.

आता बागायतदाराची बाजू पाहा. माडाच्या रोपाला फळ धरण्यास सहा-सात वर्षे लागतात. तोवर उन्हाळ्यात शिंपणे करावे, आळ्यात खत घालावे, पोटच्या पोराप्रमाणे त्याला जपावे. असा माड हत्ती मस्तकाच्या एका धक्क्याने आडवा करतो व त्याचा कोवळा गाभा खातो. त्याला पिटाळण्यासाठी लोक डबे बडवितात, फटाके वाजवितात. पण अंधारात हत्तीसमोर जाणे म्हणजे जिवाशी खेळ. पुढे वन विभागाचे कर्मचारी पंचनामा करतात, शासन भरपाई देते. पैसे मिळतात, परंतु गेलेली वर्षे कशी मिळावीत? साठी उलटलेल्या शेतकऱ्याने नवे रोप कोणत्या भरवशावर लावावे?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये हत्तीला मारणे हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. हत्ती हा साऱ्या देशाचा ठेवा होय. मात्र ठेवा जर सर्वांचा, तर तो सांभाळण्याचा भार एकट्या शेतकऱ्याच्या शिरावर का असावा? हत्तीला त्याचे रान मिळाले पाहिजे. शेतकऱ्याला वेळेवर व पुरेशी भरपाई मिळाली पाहिजे. रानावर प्रेम करणे शहरात बसून सोपे असते. त्या प्रेमाची किंमत कोण मोजतो, हे आपण विसरता कामा नये.

स्वाध्याय

१. हत्ती बागांकडे का वळतात?
२. माडाचे नुकसान केवळ पैशांत का मोजता येत नाही?
३. ‘ठेवा सर्वांचा, भार एकट्याचा’ याविषयी आपले मत पाच-सहा ओळींत लिहा.