कवीचे शब्द आणि कवीचे घर



गेल्या वर्षी जयंतीच्या काव्यवाचनाची तयारी चालू होती. एका विद्यार्थिनीला मी नामदेव ढसाळांची कविता म्हणायला दिली. दुसऱ्या दिवशी तिने कागद परत केला. म्हणाली, "काका, मी यांच्या पत्नीचं पुस्तक वाचलंय. ही कविता मला म्हणवत नाही." शेजारी बसलेला कार्यकर्ता रागावला. "आपल्या माणसाला आपणच खाली ओढायचं का ?" असे त्याने विचारले. दोघांनाही मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. त्या उत्तराचा शोध म्हणजे हा लेख.

१) कवितेचे ऋण

नामदेव ढसाळ यांचा जन्म १९४९ साली पुणे जिल्ह्यात झाला. लहानपणीच ते मुंबईला आले. कामाठीपुऱ्याच्या परिसरात वाढले, टॅक्सी चालवली. १९७२ साली त्यांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांबरोबर त्यांनी दलित पँथर उभी केली. ज्या वस्तीचे नाव घेताना पांढरपेशा मराठी साहित्य नाक मुरडत होते, त्या वस्तीची भाषा त्यांनी कवितेत आणली. १९९९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १५ जानेवारी २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

मी बी.ए.ला असताना 'गोलपिठा' हातात पडला. अर्धे शब्द कळले नाहीत, पण रात्रभर झोप आली नाही. आपल्या जव्हार-मोखाड्यातून दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर निघतात. त्यांच्या बोचक्यांकडे पाहताना राग यावा, दया नव्हे, हे मला त्या कवितेने शिकवले. हे ऋण मी नाकारले तर ते खोटे ठरेल.

२) घरातली साक्ष

मलिका अमर शेख या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील शाहीर अमर शेख यांच्या कन्या आणि स्वतः कवयित्री. ढसाळांशी त्यांचा विवाह झाला. १९८४ साली त्यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी पतीचे व्यसन, मारहाण, घराकडे झालेले दुर्लक्ष आणि मुलासाठी झालेली ओढाताण लिहिली आहे. ढसाळ तेव्हा हयात होते, चळवळीत त्यांचे नाव मोठे होते. अशा वेळी हे लिहायला किती धैर्य लागले असेल !

खरे सांगतो, हे पुस्तक मी बरीच वर्षे मुद्दाम वाचले नाही. वाचले तर 'गोलपिठा' हातातून जाईल, अशी भीती होती.

आमच्या कार्यकर्त्याचा राग अगदीच निराधार नव्हता. थोर म्हणवल्या गेलेल्या कित्येक सवर्ण लेखकांच्या घरात कोणी डोकावले नाही, मग आमच्याच कवीचे घर का तपासता, असा त्याचा सवाल होता. परंतु ही साक्ष शत्रूने दिलेली नाही, घरातल्या स्त्रीने दिली आहे. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या चळवळीने आपल्याच घरातला आवाज दाबला, तर तिच्यात आणि गावकीत फरक तो काय ? उपाय एकच. दारे सगळ्यांचीच उघडावीत, फक्त आपली बंद ठेवू नयेत.

३) धम्म काय शिकवतो ?

कालामांना तथागतांनी सांगितले, की केवळ गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. ही पारख कवीलाही लागू आहे. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेचा धोका सांगितला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. ही मोजपट्टी आपल्या कवीच्या घरापाशी आल्यावर खिशात घालायची का ?

अंगुलिमालाची कथा आपणास माहीत आहे. शस्त्र टाकून तो भिक्खू झाला. तरी भिक्षेला गेला असता लोकांच्या दगडांनी रक्तबंबाळ होऊन परतला. हे कर्माचे फळ आहे, ते सोस, असे भगवंतांनी त्याला सांगितले. त्याचा भूतकाळ कोणी पुसला नाही, आणि थेरगाथेतून त्याच्या गाथाही काढल्या नाहीत. तिच्या शेजारीच थेरीगाथा आहे. तीत मुत्ता थेरी उखळ, मुसळ आणि नवरा यांच्यापासून सुटल्याचा आनंद गाते. आपल्या पूर्वजांनी दोन्ही गाथा जपल्या.

मी बँकेत कारकून आहे. एका माणसाच्या खात्यातील जमा दुसऱ्याच्या नावे बाकीत परस्पर वळती करता येत नाही, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. ढसाळांनी मराठी कवितेला जे दिले ते कवितेच्या खाती जमा आहे. मलिकाताईंचे जे देणे राहिले ते त्या जमेतून फिटत नाही. तसेच त्या देण्यापोटी कविताही जप्त होत नाही.

४) आपण काय करावे ?

पहिले, कविता वाचावी, शिकवावी, पण तिच्या शेजारी मलिकाताईंचे पुस्तक ठेवावे. विहाराच्या वाचनालयात दोन्ही एकाच फळीवर असावीत.

दुसरे, वाचणे वेगळे आणि हार घालणे वेगळे. कवितेला दाद देताना माणसाला निष्कलंक ठरवू नये. आपल्या वस्तीतही मार खाणारी बहीण श्रोत्यांत बसलेली असते. व्यासपीठावरून काय झाकले जाते, ते तिला बरोबर कळते.

तिसरे, ज्याला वाचवत नाही त्याच्यावर सक्ती करू नये. ज्यूद्वेष्ट्या वाग्नरचे संगीत इस्रायलमध्ये सहसा वाजवत नाहीत. २००१ साली जेरुसलेमला डॅनियल बॅरनबॉइम यांनी कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांना विचारले, नको असेल त्यांना जाऊ दिले आणि मगच ते वाजवले. काही उठून गेले, बरेच थांबले. उठून जाणाऱ्याचा हक्क थांबणाऱ्याइतकाच मोठा आहे.

त्या विद्यार्थिनीने शेवटी मलिकाताईंच्या पुस्तकातील उतारा वाचला. ढसाळांची कविता मी वाचली. एकाच व्यासपीठावर, एकापाठोपाठ. टाळ्या कमी पडल्या, पण घरी जाताना लोक बोलत होते. मला ते पुरेसे वाटले.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न :

१. कवीच्या दोषामुळे कवितेचा अर्थ बदलतो का ? उदाहरण देऊन सांगा.
२. हयात कलावंताचा सत्कार आणि दिवंगत कवीचे वाचन यांत कोणता फरक कराल ?
३. आपल्या घरात पंचशीलाचे पहिले आणि पाचवे शील कितपत पाळले जाते ?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नये, घरी जाऊन द्यावे.

जय भीम !