बाभळीचा चाटू : इयत्ता ६ वी व ७ वीसाठी हस्तव्यवसायाचा पाठ

स्वयंपाकघरातून लाकडी चाटू अद्याप नाहीसा झालेला नाही. कल्हईच्या पातेल्यात लोखंडी कालथा फिरविल्यास कल्हई खरवडली जाते. चाटूने ती खरवडत नाही. लाकूड उष्णतेचे मंदवाहक असल्यामुळे उकळत्या आमटीत राहूनही त्याची दांडी हाताला पोळत नाही. कोकणात नारळ मुबलक, म्हणून तेथे करवंटीला दांडी बसवून डवली करतात. देशावर मात्र चाटू अखंड लाकडातूनच कोरावा लागतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात इयत्ता ६ वी ते ८ वीच्या काळात १० दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या हाताखाली शिकावे असे म्हटले असून, त्यात सुताराचा उल्लेख आहे. चाटूचा पाठ या दिवसांत चांगला बसतो. परंतु वस्तू तयार झाली म्हणजे पाठ झाला, असे नव्हे. लाकडाचे धागे कोणत्या दिशेने जातात हे मुलाला ओळखता आले पाहिजे. ते न ओळखता कोरलेला चाटू कितीही सुबक दिसला तरी वाटी व दांडी यांच्या सांध्याशी मोडतो.

म्हणून पहिल्या तासाला मुलांच्या हाती हत्यार देऊच नये. एकाच फळीतून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, १५ सेंटीमीटर लांबीच्या दोन पट्ट्या कापाव्यात. एक धाग्यांच्या दिशेने, दुसरी धाग्यांना आडवी. मुलांनी त्या हातांनी मोडून पाहाव्यात. आडवी पट्टी बिस्किटासारखी तुटते. उभी वाकते, करकरते, आणि तुटली तरी तिचे धागे लोंबत राहतात. कारण सांगण्याची घाई शिक्षकाने करू नये. झाड मुळांकडून शेंड्याकडे पाणी चढविते, हे मुले विज्ञानात शिकलेली असतात. त्यावरून धागे उभेच का, हे थोड्या वेळाने कोणीतरी सांगतेच.

आता ओंडका करवतीने न कापता कुऱ्हाडीने का फोडायचा, हेही त्यांना कळू शकेल. करवत माणसाने आखलेल्या रेषेने जाते; फूट लाकडाच्या धाग्याने जाते. फोडलेल्या तुकड्यात वाटीपासून दांडीच्या टोकापर्यंत धागा अखंड राहतो. ओंडक्याच्या ऐन मध्यावरील गाभा मात्र तासून टाकावा, कारण वाळताना चिरा तेथूनच पडतात.

लाकूड बाभळीचे घ्यावे. बैलगाडीच्या चाकांना चालणारे हे लाकूड वाळल्यावर मुलाच्या मनगटाला आवरत नाही. छाटलेली फांदी ओली असतानाच कामास लावावी. आतला तांबूस भाग टिकाऊ असतो, बाहेरच्या फिक्या भागास कीड लागते. चिंच व आंबाही चालतो. तथापि १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली ही दोन्ही झाडे येतात, तेव्हा फांदी कोठून आली याची शिक्षकाने खात्री करावी. कण्हेरीचे लाकूड विषारी असते. ते शाळेत आणूही नये.

ओंडका फोडणे व वाकसाने ढोबळ आकार देणे हे काम गावच्या सुताराचे. त्यांना मानाने बोलवावे, आणि ते शिकवीत असता शिक्षकाने मुलांमध्ये बसावे. घरोघर चाटू बहुधा बाईच्या हाती असतो आणि पटाशी पुरुषाच्या. वर्गात ही वाटणी होऊ देऊ नये.

वाटी आधी कोरावी, तुकडा जाड असतो तोवर तो शिकंज्यात घट्ट बसतो. गोल धारेची पटाशी काठाकडून तळाकडे चालवावी, तीही दोन्ही टोकांकडून. तळ ओलांडून ती वर चढू लागली की धाग्याखाली शिरते आणि कपचा उडतो. दोन्ही हात पटाशीवरच असावेत. धारेच्या पुढे बोट नको. बोथट हत्यार सुरक्षित असते ही समजूत घातक आहे, कारण त्याला जोर अधिक लावावा लागतो आणि ते निसटते.

वाटीची जाडी प्रथम १ सेंटीमीटर ठेवून चाटू गोणपाटात गुंडाळावा व सावलीत दोन आठवडे वाळू द्यावा. उन्हात ठेवल्यास वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि लाकूड तडकते. नंतर जाडी निम्मी करून पॉलिश कागदाने घासावे. एकदा पाण्याने पुसून वाळू द्यावे. उभे राहिलेले तंतू पुन्हा घासले की मग ते त्रास देत नाहीत.

शेवटी तेल. शेंगदाण्याचे तेल खवट होते. जवसाचे तेल हवेने सुकते, म्हणून ते उत्तम. पण खाण्याचेच घ्यावे. रंगाच्या दुकानातील उकळलेल्या तेलात ते लवकर सुकावे म्हणून धातूंची संयुगे घातलेली असू शकतात. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून वर्गात टाकू नये. सुकताना त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात, आणि शाळा सुटण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः मोजाव्यात.